अडकलेली पुंगळी

आमच्या मामेसासऱ्यांच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या सख्ख्या मामांच्या हाती उद्या सूर्य सापडला, तर ते त्याला हात जोडणार नाहीत. तो मागून उघडतो की बाजूने, एवढंच विचारतील. चांगली चालणारी वस्तू या माणसाला बघवत नाही. घरातला पंखा मुकाट्याने फिरत असला तर ते त्याच्याकडे संशयाने बघत बसतात, आणि तो जरा कुठे कुरकुरला की त्यांचा चेहरा असा उजळतो, की घरात पाहुणे आले असावेत असं वाटावं. अमरावतीतल्या त्यांच्या घरी मी पहिल्यांदा जेवायला गेलो, तेव्हा पाटाशेजारी मिक्सर उघडा पडला होता आणि त्याच्या पोटातला एक स्क्रू चटणीच्या वाटीजवळ होता. मी तो शेंगदाणा समजून उचलला. मामा म्हणाले, ठेवा, तो अजून लागाचा हाये.

उभी हयात त्यांनी जिनिंगमध्ये काढली. कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या त्या यंत्रांनी त्यांना पगार तर दिलाच, वर एक तत्त्वज्ञानही दिलं. "कापूस आत गेला पाह्यजे, सरकी बाहेर आली पाह्यजे. दुनियेत तिसरा बिघाड नाई, जवाईबापू," असं ते मला लग्नाच्या मांडवातच म्हणाले होते. मला वाटलं, निवृत्त माणूस आहे, बोलतो. पण नाही. शेजारचा पोरगा स्पर्धा परीक्षेत तिसऱ्यांदा आपटला, तर मामांचं निदान तयार: आत जाण्याचा बिघाड. पलीकडच्या घरचे जावई दिवाळीला आले ते संक्रांत आली तरी हलेनात: बाहेर निघण्याचा बिघाड. एका सत्कार समारंभात पाहुण्यांचं भाषण संपेना, तेव्हा मामा पहिल्या रांगेत माझ्या कानाशी लागले आणि म्हणाले, याचा स्प्रिंग गेला. लग्नानंतरच्या आठवड्यात रोडगे आणि वांग्याची भाजी खाऊन माझं पोट बिघडलं, त्यावर तर त्यांनी सगळ्या सासुरवाडीसमोर खुर्ची ओढून जी उलटतपासणी घेतली, ती मी मेलो तरी विसरणार नाही. दोन्हीपैकी कोणता बिघाड, हे कळल्याशिवाय ते ओव्याला हात लावू देईनात.

या सगळ्या वस्तूंत त्यांचा जीव अडकला होता तो मात्र एकाच वस्तूत. पॉइंट टू टूची रायफल. तरुणपणी मामा निशाणेबाजी करत, आणि गावाबाहेरच्या रेंजवर त्यांचं बरं नाव होतं. रायफल जुनी, दर गोळीला हाताने बोल्टचा दांडा मागेपुढे ओढायची, लाकडी दस्त्याची. तिला घरात स्वतंत्र कुलपाचं कपाट. मामींच्या पैठण्या मात्र पलंगाखालच्या ट्रंकेत. मामांशिवाय तिला कुणी हात लावायचा नाही, आणि मामींनीही फक्त कपाट पुसायचं. शेतातल्या जवसाचं घाण्यावरून काढलेलं तेल मामा त्या दस्त्यावर इतक्या मायेने चोळत, की एकदा मामी मला म्हणाल्या, बाळंतीण झाली तेव्हा मले एवढं तेल नव्हतं लावलं.

मग त्यांच्या डोळ्यांत काचबिंदू उतरला. उजवा डोळा जवळजवळ बसला आणि डाव्याला समोरचं माणूस दिसे, पण निशाण दिसेना. दुसरा कुणी रडला असता. मामांनी डॉक्टरांना डोळ्याची रचना विचारून घेतली, पाणी बाहेर निघत नाही म्हणून दाब वाढतो हे ऐकून "मंग मी काय म्हणत होतो" असं समाधानाने म्हटलं, आणि घरी येऊन दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. रायफल विकून टाका असं मुलाने सुचवलं. मामा म्हणाले, त्यापेक्षा मले वीक. आणि तिसऱ्या दिवशी त्यांनी मामींना रेंजवर नेलं.

मामी साठीला टेकलेल्या. लेकीचा जुना ट्रॅकसूट घालून, लाजत लाजत त्या चटईवर पालथ्या पडल्या आणि पहिल्याच दिवशी काळ्या वर्तुळात गोळ्या घालून मोकळ्या झाल्या. चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवणारी बाई ती, हात दगडासारखा स्थिर. मामांनी नियमाप्रमाणे वाऱ्याला श्रेय दिलं. पण त्या दिवसापासून परवान्याचे कागद हलले, क्लबात नाव लागलं, आणि दोघांचा रविवार रेंजवर जाऊ लागला. मामी गोळी मारत, मामा मागे उभे राहून कुठे लागली ते विचारत. खरं सांगतो, त्या दोघांना लग्नानंतर इतकं बोलताना कुणीच पाहिलं नव्हतं.

विघ्न आलं ते दसऱ्यानंतर. मॅगझिनमधली गोळी बोल्टने पुढे ढकलली की अधूनमधून नळीच्या तोंडाशी जाऊन अडे. कधी वाकडी होई, कधी तिचं शिसं खरवडलं जाई. मामांना तर पर्वणीच. आत जाण्याचा बिघाड, असं जाहीर झालं आणि घराची कार्यशाळा झाली. आधी गोळ्यांची जात बदलली. मग मॅगझिनचे ओठ, म्हणजे गोळी धरून ठेवणाऱ्या कडा, भिंग लावून तपासले आणि पकडीने केसभर वाकवले. मग रिकाम्या पुंगळीला, म्हणजे उडालेल्या गोळीच्या मागे उरणाऱ्या पितळी नळकांडीला, मामींच्या डबीतलं काजळ फासून ती बोल्टने पुढेमागे केली, कुठे घासते ते कळावं म्हणून. काजळ पुंगळीला लागलं, मामांच्या नाकाला लागलं, नवीन चादरीला लागलं. बिघाड होता तिथेच. आता रायफल निर्दोष, गोळी निर्दोष, मॅगझिन निर्दोष. मग उरलं कोण? मामांनी चष्मा पुसला आणि निकाल दिला की मामी बोल्ट अर्धवट ओढतात. पूर्ण मागे नेत नाहीत, म्हणून सगळी भानगड.

मामी काही बोलल्या नाहीत. वऱ्हाडातली बाई बोलली नाही, तर समजावं की पाणी डोक्यावरून गेलं. आठवडाभर त्या घरात मुगाची खिचडी शिजली आणि तिला फोडणी नव्हती. अकोल्याची स्पर्धा जवळ आली होती, वयस्कांच्या गटातली, मामींची पहिलीच. मी गच्चीवर वाळवण उचलायला गेलो, तेव्हा त्या म्हणाल्या, "माहा हात खराब असन, तं मले नेताच कावून? येते मी. पण तिथं अडली ना, तं पुन्हा हात नाई लावत मी तिले." मी खाली येऊन मामांना हे सांगितलं. ते म्हणाले, ओढाले शिकली पाह्यजे. मी कपाळावर हात मारून घेतला. सासुरवाडीच्या माणसाला गाढव म्हणता येत नाही, ही आपल्या संस्कृतीची मोठीच अडचण आहे.

अकोल्याला गाडी मी चालवली. मागच्या सीटवर मधोमध रायफलची पेटी, तिच्या अलीकडे मामा, पलीकडे मामी. मूर्तिजापूरला चहा घेतला तोही दोघांनी दोन दिशांना तोंड करून. अकोल्यात रेंजवर मामांचे व्याही हजर. हा गृहस्थ त्याच क्लबातला जुना निशाणेबाज, आणि मामांनी त्यांच्यासमोर आयुष्यात कधी एकही चूक कबूल केली नव्हती. मुलाच्या लग्नात वरात चुकीच्या मंगल कार्यालयात नेली, तेव्हाही त्यांनी कार्यालयच चुकीच्या जागी बांधलंय असं सांगितलं होतं. व्याह्यांनी रायफलीची चौकशी केली. मामांनी रायफल ठणठणीत असल्याचं, आणि दोष फक्त ओढणाऱ्या हाताचा असल्याचं, पंचांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगितलं. मामी ट्रॅकसूटच्या बाह्या खाली ओढत चटईकडे गेल्या.

पहिल्या काही गोळ्या सुरेख गेल्या. मग खट् असा आवाज झाला आणि बोल्ट अर्ध्यावर थांबला. मामींनी नळी निशाणाकडेच ठेवून हात वर केला. पंच आले. या स्पर्धेचा नियम साधा होता: बिघाड हत्याराचा असेल तर थोडा वेळ मिळेल, दुरुस्त करून उरलेल्या गोळ्या मारता येतील, चूक मारणाऱ्याची असेल तर डाव तिथेच संपला. पंचांनी मामांकडे पाहिलं, कारण थोड्या वेळापूर्वी दोष कुणाचा ते मामांनीच सांगितलं होतं. मामी चटईवर उठून बसल्या आणि हातमोजा काढू लागल्या.

तो हातमोजा निघताना पाहून मामांचं काय झालं कोण जाणे. त्यांनी एक मिनिट मागितलं, बाकावर बसून बोल्ट बाहेर काढला आणि डोळे चक्क मिटून घेतले. एवढे दिवस ते भिंगातून बघत होते, आणि भिंगात त्यांना दिसत किती होतं ते त्यांचं त्यांना माहीत. आता बोट फिरू लागलं. बोल्टच्या टोकाला एक बारीक आकडा असतो. तो रिकाम्या पुंगळीची कड धरून तिला बाहेर खेचतो. मामांचं नख त्या आकड्याखाली गेलं आणि थांबलं. त्यांनी काहीतरी खरवडलं. पिवळट-तांबूस, लाखेसारखी टणक खपली निघाली. त्यांनी ती हुंगली. मग, पंचांच्या देखत, जिभेच्या टोकाला लावली.

"हळद हाये," मामा म्हणाले.

खंडेनवमीला मामांच्या घरी हत्यारांची पूजा होते, आणि रायफलीची पूजा मामा स्वतः करतात. यंदा काचबिंदूच्या वर्षी देवाची जरा जास्तच आठवण झालेली. दस्त्याला जवसाचं तेल लावता लावता, लाकडाला चालतं तर लोखंडाने काय घोडं मारलं, म्हणून त्यांनी ते बोल्टवरही ओतलं होतं आणि वर हळदीकुंकू वाहिलं होतं. जवसाचं तेल वाळलं की त्याचं रोगण होतं, हे सुताराचं पोरही सांगेल. हळद घेऊन ते आकड्याखाली दगड होऊन बसलं. आकड्याला पुंगळीची कड धड धरता येईना. रिकामी पुंगळी आतच लोळे आणि मागून येणारी नवी गोळी तिच्यावर आपटे. म्हणजे गोळी आत जात नव्हती हे खरं, पण का, तर आधीची बाहेर निघत नव्हती. जन्मभर दोन बिघाड वेगवेगळे मोजणाऱ्या माणसाच्या दारात ते दोघे हातात हात घालून उभे राहिले होते.

मामा उठले. व्याही दोन हात अंतरावर उभे होते. मला वाटलं, आता हळद करणाऱ्या कारखान्याचा दोष निघणार. मामांनी पंचांना सांगितलं, "हिचा हात बरोबर हाये. बिघाड रायफलीचा, आन रायफल बिघडवली मी. तसं लिहून घ्या." मग मामींकडे न बघता, जवळजवळ स्वतःशीच म्हणाले, मोजा घाल.

व्याही हसले नाहीत, हे मी त्यांच्या खाती कायमचं जमा केलं आहे. उलट त्यांनी आपली पेटी उघडून ब्रश आणि साफ करायचं तेल पुढे केलं. मामांनी ते तेलही आधी हुंगून पाहिलं. आकडा साफ झाला, बोल्ट आत गेला, आणि मामी पुन्हा चटईवर पालथ्या झाल्या. मामा त्यांच्या मागे कानांत कापसाचे बोळे घालून उभे राहिले. निशाण त्यांना दिसत नव्हतंच, म्हणून ते मान खाली घालून ऐकत होते. गोळी सुटे, बोल्ट मागे जाई, आणि पुंगळी फरशीवर टिणकन पडे. प्रत्येक टिणकनला मामा मान हलवीत. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. रेंजवर धूळ फार असते, असं मी व्याह्यांना सांगितलं.

मामींचा नंबर आला नाही. परतताना पेटी डिकीत गेली होती आणि मागच्या सीटवर दोघं शेजारी बसली होती. मामांनी विचारलं, शेवटच्या गोळ्या कुठे लागल्या ते सांग. मामींनी एकेक सांगायला सुरुवात केली: ही मधात, ही जराशी डावीकडे पण काळ्यातच, ही पुन्हा मधात. मी निशाणाचा कागद पाहिला होता. दोन गोळ्या पार पांढऱ्यात गेल्या होत्या. मी रस्त्याकडे बघत गाडी चालवत राहिलो. अशा वेळी जावयाला रस्ता फार महत्त्वाचा असतो.

मामींचं सगळं सांगून झाल्यावर मामा हळूच म्हणाले, "दोन पांढऱ्यात गेल्या ना?"

मामींनी विचारलं, तुमाले कसं समजलं?

"गोळी चुकली का तू बोल्ट हळू ओढते. दोन बार तसा ओढला तू."

बाहेर कापसाच्या शेतांवरून ऊन उतरत होतं. मग मामी म्हणाल्या, सगळं मालूम होतं, तं मले विचारलं कावून?

मामा खिडकीबाहेर बघत होते, जिकडे त्यांना फारसं काही दिसत नाही.

"तू सांगते," ते म्हणाले, "तवा मले दिसते."