मेंढ्या जिथं बसल्या तिथं

"साहेब, ह्या कागदातले हे दोघं सख्खे भाऊ हैत का न्हाई, तेवढंच सांगा. हळद तोंडावर आली." ज्ञानोबांनी झेरॉक्स माझ्या टेबलावर ठेवली.

ज्ञानोबा मुलीचे वडील. शेजारी नवऱ्या मुलाचे चुलते रंगनाथराव, तोंड फिरवून बसलेले. दोघंही धनगर घरचे, आता शेतीवाले. रेकॉर्डरूममधून रिटायर झाल्यावर मी जालन्यात लोकांना जुने उर्दू कागद वाचून द्यायचो. नव्वदच्या सुमाराची ही गोष्ट.

कागद निजामाच्या अमलातला. आष्टीची चराईची यादी, म्हणजे कुणाच्या मेंढ्या किती आणि त्यावर कर किती. त्यात मुलाचे पणजोबा 'खंडू वल्द मल्हारी'. लगेच खाली मुलीचे पणजोबा 'बिरू वल्द मल्हारी'. वल्द म्हणजे अमक्याचा मुलगा. हौसेनं वंशावळ काढायला गेले आणि पायावर धोंडा मारून घेतला.

"एक गाव, एक बाप. आडनावं काय, मागून लागलेली," रंगनाथराव म्हणाले. "भाऊबंदातच सोयरीक करून राह्यलो आम्ही. लग्न मोडलं समजा."

मला रागच आला. अर्धी यादी वाचून अख्खं लग्न मोडायला निघाले होते! उर्दू उजवीकडून लिहितात. शेवटचा रकाना डावीकडं येतो, आणि झेरॉक्सवाल्यानं नेमका तोच कापला होता.

"ज्ञानोबा, तुमचे पणजोबा आष्टीचे कधीपासून?"

"आष्टीचे? न्हाई हो. आम्ही बदनापूरचे. दिवाळीनंतर मेंढ्या घेऊन तिकडं उतरायचे. लेंडीखतासाठी लोकांच्या रानात बसवायचे."

तिथंच गाठ सुटली. चराईचा कारकून कुणाच्या घरी जात नसे. कळप बसला असेल तिथं मोजायचा, म्हणून आष्टीच्या यादीत परगावचेही यायचे.

दोघांना घेऊन रेकॉर्डरूममध्ये गेलो, मूळ यादी काढली. शेवटचा रकाना 'साकिन', म्हणजे राहणार कुठला. खंडू परतूरचा, बिरू बदनापूरचा. तरी मन भरेना, कारण भाऊ दोन गावांतही राहतात. मग त्या दोन्ही गावांच्या त्याच सालच्या याद्या पाहिल्या. दोन्हीकडं त्या त्या गावचाच राहणारा एकेक मल्हारी, हयात. एकाचा बाप सटवा, दुसऱ्याचा रामा.

"माणसं दोन आहेत," मी म्हणालो, आणि मलाच हायसं वाटलं.

"मल्हारी तर आमच्यात घरोघरी!" ज्ञानोबा हसले आणि डोळे पुसायला लागले. "पोरगी कालपास्नं जेवली न्हाई, साहेब."

"मंग जल्दी घरी जा," रंगनाथराव म्हणाले. "आमच्या सुनेला उपाशी ठेवून राह्यले का?"

जुनी यादी वाचायची तर सरकार काय मोजायला निघालं होतं ते आधी बघावं. इथं मेंढ्या मोजल्या होत्या. माणसं नुसती त्यांच्यामागं उभी होती.