शिवता शिवता वाचणारा

नांदुऱ्याच्या बाजारात पुस्तकं बांधून देणारा एक बाइंडर आहे. त्याच्यावर माझा पहिल्यापासून संशय. शिवायला दिलेलं सगळं तो आधी वाचतो, पानात बोट अडकवून चष्म्यावरून आपल्याकडे बघतो आणि नुसतं "हाव, हाव" करतो.

मागच्या महिन्यात मी माझी विज्ञानाच्या टाचणांची वही बांधायला दिली. तिच्यावरूनच मी निवृत्तीपर्यंत शिकवलं. वही न्यायला गेलो तर म्हणाला, "सर, पृथ्वी फिरते म्हणणाऱ्या त्या दुर्बीणवाल्याले चर्चवाल्यायनं जाळलं, असं लिवलं तुमी?"

"मग? जाळलंच."

"घरात कोंडलं होतं ना, सर. म्हातारपणी तिथंच पुस्तक लिवलं त्यानं. जाळलेला माणूस लिहीन कसा?"

"तुले काऊन पाहिजे एवढी चौकशी?" मी वही ओढून घेतली.

यानं नक्की एखादं पान फाडलं असणार, म्हणून घरी येऊन मी पानांवरचे आकडे तपासले. एकही गहाळ नव्हतं. फक्त 'जाळलं' लिहिलेल्या पानासमोर त्यानं बिनआकड्याचं एक कोरं पान शिवलं होतं.

ते अजून कोरंच आहे.