दोन बाळांमधली फट

सोनोग्राफीच्या डॉक्टरीणबाईंना दवाखान्यात सगळे पाठीमागे ‘फिरवाबाई’ म्हणत. येईल तिला त्या एकदा तरी टेबलावरून उठवून जिन्यापर्यंत फिरायला लावत. बाळ त्याच्या सोयीने वळतं, आपल्या घाईने नाही, एवढंच त्यांचं म्हणणं. रांगेतल्या पोटुश्या बोटं मोडत आणि बाई खुशाल पुढचीला उठवत.

त्या दुपारी सासूसुना आल्या. सुनेला चौथा महिना, पोटात जुळी. आधीच्या दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरने बाळं छातीशी जोडलेली असावीत असा संशय सांगून इकडे धाडलं होतं. तेव्हापासून सुनेच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

बाईंनी स्क्रीनवर पाहिलं. एकाची कातडी कुठे संपते नि दुसऱ्याची कुठे सुरू होते, कळेना. अशी बाळं त्यांनी पूर्वी पाहिली होती, आयांना तसं सांगितलंही होतं. ते सांगणं वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नये.

मग त्यांचं लक्ष स्वतःच्या हाताकडे गेलं. यंत्राचा दांडा त्यांनी पोटावर चांगलाच दाबून धरला होता. माणूस धास्तावलं की हात जड होतो, आणि दाबलं की जवळची बाळं आणखीच चिकटून दिसतात. त्या बिचाऱ्या डॉक्टरचंही हेच झालं असेल का?

“ऊठ गं, जिन्यापर्यंत फिरून ये.”

“अहो, तिच्यात त्राण तरी आहे का!” सासू कडाडली.

“मग तुम्ही धरा की तिचा हात.”

दोघी कुरकुरत जाऊन आल्या. या वेळी बाईंनी दांडा नुसता टेकवला. बराच वेळ काहीच घडेना. मग एका बाळाने पाय झाडला आणि चक्क पाठ फिरवली. दुसरं जागचं हललं नाही. मध्ये पाण्याची काळी फट उघडली. बाईंनी ती मानेपासून पोटापर्यंत तपासली, मग दुसऱ्या कुशीवरूनही तपासली.

“वेगळी आहेत गं! दोन्ही सुटी सुटी.”

बाईंचा स्वतःचाही जीव भांड्यात पडला.

“आत्तापासूनच एकमेकांना पाठ दाखवतायत,” सासू डोळे पुसत म्हणाली. “बाहेर आल्यावर घर डोक्यावर घेणार!”

“घेऊ देत ना,” सून म्हणाली, आणि तिला असं रडू फुटलं की तिच्या हुंदक्यांनी स्क्रीनवरची बाळं हिंदकळू लागली, एक इकडे, एक तिकडे.