सोव्हिएत चिंचिलाचा रस्सा

माझ्या सासुरवाडीला, आंबागडात, मी शिकारी म्हणून ओळखला जातो. मला बंदूक धरता येत नाही, फासा लावता येत नाही आणि अंधार पडल्यावर मी परसातही खाकरत जातो. तरी शिकारी. वीसेक वर्षं मी याबद्दल काही बोललो नाही. मुळात बोलतोच कमी. आणि कमी बोलणाऱ्यावर लोक काहीही लादतात.

गोंदिया जिल्हा भंडाऱ्यातून वेगळा होऊन थोडीच वर्षं झाली होती. तेव्हा आमच्याकडे ससेपालनाची लाट आली. मीही भंडाऱ्याला घरामागं पिंजरे मांडले. प्रशिक्षणात साहेबांनी सशांची सगळी वंशावळ सांगितली. पाळीव ससे मूळचे युरोपातले, बिळात राहणारे. न्यूझीलंड व्हाइट ही जात न्यूझीलंडची नव्हेच, ती अमेरिकेत तयार झाली. राखाडी चिंचिला फ्रान्सात निघाला आणि रशियात जाऊन धिप्पाड झाला, तो सोव्हिएत चिंचिला. आपला रानससा यांच्या लांबच्या नात्यातला, पण सोयरीक जमत नाही. सगळं सांगितलं, फक्त हे खाणार कोण, ते राहिलं.

पांढरे ससे बघायला अख्खी गल्ली यायची. घ्यायला कोणी नाही. "हे तं मांजर वाटते जी," लोक म्हणायचे. "लाल डोळ्याचं कोण खाईन?" पिंजरे मात्र भरतच होते.

माझे सासरे, मामाजी, यांना नोकरीवाला जावई मिळाला होता, पण मन भरलं नव्हतं. पहिल्या दिवाळीलाच त्यांनी चौकशी केली होती.

"जवाईबापू, पोहता येते?"

"नाही."

"झाडावर चढता?"

"नाही."

"मंग करता काय?"

"टायपिंग," मी म्हणालो. ते बराच वेळ बैलाकडं बघत राहिले.

त्यांना एकच हळहळ होती, लहानपणी खाल्लेल्या रानसशाची. आता बंदी, फॉरेस्टवाले धरतात. पण ती चव! म्हणून एका पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मी माझा एक सोव्हिएत चिंचिला कापून, डब्यात भरून आंबागडला नेला. एका पायाला राखाडी केस तसेच राहिले होते. मामाजींनी ते चिमटीत धरले. आवाज एकदम उतरला.

"जवाईबापू... रानातला?"

मी हो म्हणालो नाही. नाही असंही म्हणालो नाही. पाप तिथं झालं.

सासूबाईंनी पातेल्यात डोकावलं. "मटण तं कोंबडीवानी पांढरं हाये जी."

"पावसाळ्याचं कोवळं गवत खाते तो," मामाजींनी परस्पर निकाल दिला. "तुले काय समजते?"

त्या दिवसापासून माझं पान सगळ्यांच्या आधी वाढलं जाऊ लागलं. मला ते आवडलं, हेही कबूल करतो. दर सणाला एक चिंचिला जाऊ लागला आणि गुपित म्हणून मामाजींनी ते गावभर सांगितलं. मग एका दुपारी, आम्ही जेवत असताना, वनरक्षक अंगणात येऊन उभा राहिला.

"ससा कोणं मारला?"

माझ्या तोंडात घास होता. मामाजी उठले, रश्शाचा हात धोतराला पुसला आणि हात जोडले. "मी मारला साहेब. जवायाचा काही संबंध नाई. लिहा माझं नाव." ते जोडलेले हात मला अजून दिसतात.

मी गार्डला गोठ्यामागं नेऊन खरं सांगितलं. त्याचा विश्वास बसेना. शेवटी स्कूटरवर बसवून त्याला भंडाऱ्याला आणलं. राखाडी ससे बघूनही त्याची खात्री पटेना. मग त्यानं पिंजऱ्यातल्या खोक्यात हात घातला तर आदल्या दिवशी जन्मलेली पिल्लं, बिनकेसांची, डोळे मिटलेली.

"रानातल्याची पिल्लं केस घेऊन, डोळे उघडूनच जन्मतात," तो म्हणाला. "हे घरचेच." आणि इतका हसला की पाण्याच्या बादलीवर बसावं लागलं. "अजी, लोक शिकार करून लपवतात. तुमी न करता कायले गुन्हेगार होऊन राहिले?"

"मामाजींना सांगू नका," एवढंच मी म्हणालो. त्यानं सांगितलं नाही. जाताना पोरांसाठी पांढऱ्यांची एक जोडी विकत घेतली. माझं पहिलं खरं गिऱ्हाईक.

आपण हात जोडले म्हणून जावई जेलातून वाचला, असं मामाजी तेव्हापासून सांगत आले. दरवेळी मी खाली बघायचो. लोकांना तो विनय वाटायचा.

या दिवाळीला ते खाटेवर पडून होते. मी शेजारी बसलो आणि एका दमात बोललो. "मामाजी, तो ससा रानातला नव्हता. मी पाळलेला होता. रशियाच्या जातीचा. तुम्ही उगाच हात जोडले."

सासूबाई दारात थांबल्या.

"जवाईबापू," मामाजी म्हणाले, "टायपिंग तुमी केली असन. ससे मी खाल्ले हायेत. रानातलाच होता."

तेवढ्यात शेजारचे म्हातारे आले. मामाजी उशीला टेकून उठले आणि तीच गोष्ट सुरू झाली. या वेळी फॉरेस्टवाले चार होते. सशापर्यंत आल्यावर ते थांबले, माझ्याकडं वळले.

"केवढा होता जी? सांगा यायले."

"मोठा होता," मी म्हणालो.