कुंकवाखालचा चौकोन

सोयाबीन काढणीच्या धुळीनं आईचा दमा दरवर्षी उसळतो, पण यंदा त्यानं कहरच केला. दोन शब्द बोलली की तिसऱ्यासाठी थांबायची. आमच्या वाशिमकडच्या मालेगावच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, आजच घरी औषधाची वाफ सुरू करा, सकाळपर्यंत उतार पडला नाही तर वाशिमला भरती. ते ऐकून आईचा चेहराच उतरला. बाबा भरती झाले ते परत आले नव्हते.

वाफेचं मशीन घेऊन आम्ही एसटीनं मेडशीला आलो. आईनं रिवाजाप्रमाणे नव्या वस्तूला हळदकुंकू लावलं. मशीनवरचा काळापांढरा चौकोन तिला पूजेसाठीच आखल्यासारखा वाटला, बोट नेमकं तिथंच टेकलं. मग तिनं वाफेचा कप धुतला आणि रिकामं खोकं चुलीत घातलं.

कपात औषध घालून बटण दाबलं. मशीन घरघरलं, वाफेचा पत्ता नाही. माहितीचा कागद कुठंच सापडेना, म्हणून दुकानदाराला फोन केला.

"ताई, आता कागद येतच नाही. कायद्यानंच चालते म्हणे तसं. त्या चौकोनावर मोबाईल धरा, समदं दिसते."

धरला. मोबाईलला नुसतं कुंकू दिसलं. ओल्या फडक्यानं पुसलं तर कुंकवासोबत चौकोनही गेला.

"माह्यानंच... झालं," आई म्हणाली.

मला राग आला तो तिचा नाही, कंपनीचा. धाप लागलेल्या म्हाताऱ्या माणसानं आधी मोबाईल शोधायचा आणि मग श्वास घ्यायचा, ही कुठली रीत?

मशीन उलटं केलं तर खाली बारीक इंग्रजीत लिहिलेलं, छापील माहिती मागितल्यास मोफत मिळेल. शेजारी नंबर. लावला. पलीकडची मुलगी म्हणाली, आठवडाभरात पोस्टानं येईल.

"आठवडाभर माझ्या आईनं श्वास रोखून बसायचं का? कागद पाठवाच, तो आमचा हक्क आहे. पण तीच माहिती आत्ता मोबाईलवर टाका, मराठीत. आल्याशिवाय मी फोन ठेवत नाही."

ती साहेबांना विचारायला गेली. मी फोन कानाला लावून ठिय्या दिला. हट्टाला पेटले की मी कुणाच्या बापाला ऐकत नाही. शेवटी आली माहिती, चित्रांसकट. एका चित्रात कपाच्या आत इवलीशी टोपी दाखवली होती. ती नसेल तर वाफ होत नाही.

"आई, कप धुताना अशी टोपी निघाली होती काय?"

"ते होय... मले वाटलं... झाकण हाय. कोनाड्यात ठेवलं."

टोपी बसवली, बटण दाबलं आणि पांढरी वाफ भसाभसा निघाली. मी आनंदानं ओरडलेच.

सकाळी मला जाग आली ती अंगणातल्या भांडणानं. आई शेजारणीवर कडाडत होती, "काहून वं, तुही म्हैस रोज माह्याच तुरीत कायले शिरते, तुले किती डाव सांगू, बांधून ठेवत जाय न तिले!"

सगळं एका दमात, मध्ये कुठंही न थांबता.