टाचेला टाच

मी बॅले शिकले आहे असं सांगितलं की लोक आधी माझ्या कमरेकडे बघतात आणि मग तोंडाकडे. बघू देत. शिकले ती सांगलीत, कॉलेजच्या पहिल्या वर्षी, मावशीचं नऊवारी लुगडं नेसून, आणि तेही वर्षभरसुद्धा नाही. पण जे शिकले ते अजून अंगात आहे. त्याला चिकटून जे आलं तेही आहे, आणि ते काही केल्या सुटत नाही.

चीनच्या लढाईनंतरचं ते वर्ष. माझे वडील फौजेत हवालदार होते. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. लढाईतून ते जिवंत परत आले, पण बर्फात पाय गारठून बोटं काळी पडली होती आणि लष्करी इस्पितळात दोन्ही पायांची सगळी बोटं कापावी लागली. पेन्शनीवर साताऱ्याला घरी आले ते काठी टेकत. बुटाच्या पुढच्या भागात आई जुन्या धोतराच्या चिंध्या कोंबून द्यायची, म्हणजे बूट घट्ट बसायचा आणि बघणाऱ्याला काही कळायचं नाही. पण काठी सोडली की आबा पुढे झुकायचे आणि हात आपोआप भिंतीला जायचा.

साताऱ्यात गल्लोगल्ली पेन्शनीवर आलेले फौजी. स्वातंत्र्यदिनाला सगळे मेडलं लावून झेंडावंदनाला निघाले. मी सुट्टीला घरी आले होते. आबांनी ट्रंकेतून आपलं मेडल काढलं, पंच्यानं पुसलं आणि परत ठेवून दिलं.

"आवं, जायाचं न्हाई व्हय?" आईनं विचारलं.

"काठी टेकून कुटं सावधान हुतंय?" आबा म्हणाले आणि भिंतीकडं तोंड करून पडून राहिले. त्या दिवशी ते जेवले नाहीत. मला त्या काठीचा इतका राग आला की ती चुलीत घालावीशी वाटली.

मावशीला मूलबाळ नव्हतं, म्हणून मला तिनं सांगलीला शिकायला ठेवून घेतलं होतं. आमच्या कॉलेजात इंग्रजी शिकवायला परदेशातून एक बाई दोन वर्षांसाठी आल्या होत्या. उंच, सडपातळ. साडी नेसायच्या, पण निऱ्या कायम एका बाजूला पळालेल्या. गॅदरिंगसाठी मुलींचं काहीतरी बसवा असं प्राचार्यांनी त्यांना सांगितलं. प्राचार्यांच्या मनात बहुतेक स्वागतगीत असावं. बाई लहानपणी बॅले शिकलेल्या होत्या, त्यांनी शनिवारी दुपारी बॅलेचा वर्गच काढला. धरायला भिंतीला दांडा हवा होता. तो कुठून आणणार? शिपायानं मांडवाचा एक बांबू आणला आणि खिडक्यांच्या गजांना सुतळीनं बांधून दिला.

पहिला धडा नुसतं उभं राहण्याचा. टाचेला टाच, चवडे बाहेर. आम्ही मनात म्हटलं, एवढंच ना? मग पाठ ताठ ठेवून गुडघे बाजूला वाकवायचे आणि सावकाश वर यायचं. त्याला बाई प्लिए म्हणायच्या. पाचवारी साडीत पहिल्याच प्लिएला दोघीजणी भुईवर बसल्या. पुढच्या शनिवारी मी मावशीचं लुगडं कासोटा घालून नेसून गेले, आणि हां हां म्हणता सगळा वर्ग कुणाच्या आईच्या, कुणाच्या काकूच्या लुगड्यात. बाई खूश झाल्या. असा सोयीचा पोशाख असताना तुम्ही दुसरं का नेसता, असं त्यांनी विचारलं. आम्ही त्यांना फॅशन म्हणजे काय ते समजावलं.

खरा घोळ पुढंच होता. एक पाय सरळ मागे न्यायचा असायचा. खोली लहान, आम्ही दाटीवाटीनं उभ्या. पाय मागचीला लागायचाच. आणि पाय लागल्यावर आम्ही काय करणार? वळून तिला हात लावायचा आणि तोच हात आपल्या छातीला. ती "असू दे गं" म्हणेपर्यंत तिचा पाय तिच्या मागचीला लागलेला. सगळी रांग नाच सोडून एकमेकींना नमस्कार करत बसायची. बाईंनी पुष्कळ समजावलं की माफी मागायचं कारण नाही. आम्हाला कळत होतं, पण हाताला कळत नव्हतं. शेवटी त्यांनी हात टेकले आणि तो नमस्कारच नाचात घालून टाकला. पाय मागे, वळणं, खाली हात, छातीला हात. तुमचं सगळ्यात सुंदर होतं ते एवढंच, असंही म्हणाल्या.

रांगेत माझ्या पुढं उभी राहणारी मुलगी मला नंतर म्हणाली की गॅदरिंगला बाईंनी माझी जागा रिकामीच ठेवली होती, आणि तिनं वळून त्या रिकाम्या जागेला नमस्कार केला. मी तिथं का नव्हते तेच सांगायचं आहे.

एका शनिवारी वर्ग सुटल्यावर मी मागं थांबले आणि माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत बाईंना विचारलं, पायाला बोटंच नसतील तर माणूस कसा उभा राहील? कोण माणूस, असं त्यांनी विचारलं नाही. त्यांनी चपला काढल्या, पायाची सगळी बोटं जमिनीवरून वर उचलली आणि हात सोडून उभ्या राहिल्या. डुलल्या. हसल्या. परत राहिल्या, परत डुलल्या. मग हसायच्या थांबल्या. पुष्कळ वेळ त्या तशा खटपट करत होत्या, आणि मी तिथं उभी राहून रडत होते. शेवटी त्या स्थिर झाल्या. त्यांनी माझा एक हात आपल्या पोटावर ठेवला, दुसरा कमरेमागे. इथून उभं राहायचं, म्हणाल्या, पायांवरून नाही.

दिवाळीला साताऱ्याला गेले. सकाळी अभ्यंगस्नान, फराळ झाला आणि मी रस्त्याकडच्या खिडकीचे गज धरून प्लिए करू लागले.

"मास्तरनं शिक्षा केलीया व्हय?" आई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. "सणासुदीच्या उठाबशा काडतीस त्या!"

"उठाबशा न्हाईत, नाच हाय."

"आगं बया! एवढं शिकायला सांगलीला धाडलं व्हय तुला?"

आबा खाटेवर बसून माझ्या पायांकडं बघत होते. "आगं, टाचंला टाच, चवडं भायेर," ते म्हणाले. "ह्ये तर सावधान हाय!"

मी म्हटलं, "मग या की."

त्यांनी घरातसुद्धा पायात असायचे ते बूट काढले, चिंध्या काढल्या, मोजे काढले. तोवर त्यांनी मला आपले पाय दाखवले नव्हते. मला वाटलं होतं मी घाबरेन, पण तसं काही झालं नाही. आखूड, बोथट, गुलाबी पाय होते ते. मला त्यांची इतकी माया आली की काय सांगू. आबा माझ्या शेजारी येऊन उभे राहिले, दोन्ही हातांनी दोन गज धरले आणि टाचा जुळवल्या.

"पायावर भार दिऊ नका, आबा. प्वाट आत घ्या. पाठीनं उबं ऱ्हावा."

"तुजी ती गोरी बाई आमच्या सुभेदारापरास कडक दिसती."

"हाय तशी. बोलू नका, खाली चला."

सुट्टीभर आम्ही रोज सकाळी बापलेक त्या खिडकीशी. रस्त्यानं जाणाऱ्यांना दिसायचं. कुणी विचारलं तर आबा "पीटी" म्हणून सांगायचे. आई भाकरी थापता थापता पुटपुटायची, पण आम्हाला कधी थांबवलं नाही. मी सांगलीला गेल्यावरही आबा एकटे रोज करत होते. गजांवरचा गंज हाताला लागायचा, तो आई लिंबानं घासून काढायची.

नाताळच्या सुट्टीत मी परत गेले. एका सकाळी माझी प्लिए चालू होती आणि शेजारून गजांचा आवाज आला नाही म्हणून मी बघितलं. आबांनी गज सोडले होते. टाचेला टाच, हात मांड्यांना चिकटवलेले, हनुवटी वर. डुलत नव्हते. मी बाजूला सरकले, माझा धक्का लागायला नको म्हणून. बाहेरून एक टांगा गेला. आबा उभेच होते. मग भांड्यांचा आवाज आला, आई चहा घेऊन येत होती, आणि त्यांनी पटकन गज धरले.

"तुज्या आईला कळू दिऊ नगंस," ते कुजबुजले. "सव्वीस जानेवारीला काठी घरात ठिवून जायाचं. तवा तिचं त्वांड बघू आपण. आन् मग गॅदरिंगला येतो सांगलीला. आमी दोगंबी."

मी सांगलीच्या एस.टी.त बसले तेव्हा इतकी आनंदात होते की शेजारच्या अनोळखी म्हातारीला माझ्या डब्यातले लाडू दिले. तितका आनंद मला पुढं लग्नात झाला नाही की मुलांच्या वेळी झाला नाही. खरं ते सांगते.

संक्रांत झाली आणि दोन-चार दिवसांत माझा चुलता कॉलेजच्या दारात येऊन उभा राहिला. "आबास्नी बरं न्हाई," म्हणाला. मुलीला वर्गातून उठवून न्यायला आलेला माणूस याहून जास्त काही बोलत नाही. वाटेत कऱ्हाडला गाडी थांबली, सगळे चहाला उतरले. तो उतरला नाही, आणि मला कळलं.

पहाटे झोपेतच गेले होते. हृदय बंद पडलं असं डॉक्टर म्हणाले होते. मी घरी पोचले तेव्हा आंघोळ घालून त्यांना अंगणात ठेवलं होतं, अंगावर पांढरी चादर. मी त्यांच्याजवळ बसते न बसते तोच आत्यानं गळा काढला.

"पोरीनं नाचीवला रं माज्या भावाला! रोज खिडकीला धरून उठ-बस, उठ-बस! दमलं त्येचं काळीज!"

बायका खाली बघत होत्या. मला वाटलं, खरंच तसं असेल. ते वाक्य तेव्हा जे आत गेलं ते आजही कधीमधी वर येतं. डॉक्टरांनी सांगितलेलं येत नाही, तेच येतं.

गल्लीतले एक म्हातारे सुताचा दोरा घेऊन पुढं आले. माणूस गेला की पायाचे दोन्ही अंगठे एकत्र बांधतात. आमच्याकडं सगळ्यांचेच बांधतात. त्यांनी चादर पायाकडून थोडी वर केली, डाव्या पायाला हात लावला आणि अंगठा असतो तिथं त्यांची बोटं गेली. तिथं काही नव्हतं. मग उजव्या पायाला. म्हातारे तसेच बसले, दोरा हातात. लढाईतून आल्यापासून आबांनी गल्लीत कुणाला पाय दाखवले नव्हते. आता ते सगळ्यांच्या समोर उघडे होते, आणि दोन दिशांना पडलेले.

"मग बांदायचं कुटं?" मागून कुणीतरी हळूच विचारलं.

मला उठून सांगायचं होतं.

"टाचंला टाच लावा," आई म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडं बघितलं. सकाळपासून ती एक शब्द बोलली नव्हती, असं चुलती मला नंतर म्हणाली.

"टाचंला टाच लावा. चवडं भायेर ऱ्हाऊ द्या. आन् घोट्याला बांदा. तसंच उबं ऱ्हायाचं हुतं त्यास्नी." मग तिनं आत्याकडं मान वळवली. "आन् उबं ऱ्हायलंबी हुतं. च्या घिऊन येत हुते मी, दारातनं बगितलं. तशीच मागं फिरले, भांडी वाजीवली, आन् मग आले."

म्हाताऱ्यांनी टाचा जुळवल्या आणि घोट्यांना दोरा बांधला. चुलत्यानं भिंतीशी ठेवलेली आबांची काठी उचलली. माणसाची रोजची वस्तू त्याच्याबरोबर पाठवतात, म्हणून तो ती तिरडीवर ठेवायला निघाला. आई उठली आणि तिनं ती त्याच्या हातातून काढून घेतली.

"ही ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "ही न्हाई लागायची त्यास्नी."