उसनी चाल

काकूंच्या घरी महिन्याच्या पहिल्या रविवारी, दुपारी चारला, गाणी करणारी माणसं जमायची. गाणारी नव्हे, करणारी. हा फरक काकू नव्या माणसाला दारातच समजावायच्या, त्याने चपला काढायच्या आधी. "दुसऱ्याची गाणी म्हणायची हौस असेल तर प्रत्येकाच्या घरी बाथरूम आहे. इथं स्वतःचं आणायचं. शब्द स्वतःचे, चाल स्वतःची. आवाज कसाही चालेल." आवाज कसाही चालेल हे आलेल्यांपैकी निम्म्यांनी फारच मनावर घेतलं होतं.

काकू दातांच्या कवळ्या बनवायच्या. डॉक्टरांकडून जबड्याचे ठसे यायचे, त्यांत प्लास्टर ओतून साचा करायचा, मेणात एकेक दात बसवायचा, घासून चकचकीत करायचं. सव्वीस वर्षं हेच काम. माणूस कधी दिसायचा नाही, फक्त त्याचा जबडा. पण साचा हातात घेतला की हा गृहस्थ तीन वर्षांपूर्वी येऊन गेलाय, हे त्या बिनचूक सांगायच्या. गाण्यांचंही तसंच. बैठकीत झालेलं प्रत्येक गाणं त्यांना पाठ, कुणी केलं, कधी म्हटलं, कुठे अडखळला यासकट. या पाठांतराचा त्यांना ताठा होता, आणि तो त्यांनी कधी लपवलाही नाही.

बैठकीचे नियम त्यांचेच. गाणं झालं की टाळ्या नाहीत, 'छान' म्हणायचं नाही. लक्षात राहिलेली एक ओळ प्रत्येकाने सांगायची, बस. कुणाला काहीच आठवलं नाही तर करणाऱ्याने काय ते समजून घ्यायचं. आणि चाल कुठे ऐकल्यासारखी वाटली, तर ते चहाच्या आधी बोलून टाकायचं, मनात ठेवायचं नाही. चहा काकूंचे यजमान करायचे. एकतीस वर्षं बस चालवून निवृत्त झालेले काका बैठकीच्या दिवशी स्वयंपाकघरात पाटावर बसून राहायचे. बाहेर येऊन बसा म्हटलं तर म्हणायचे, "मला काय कळतंय त्यातलं."

एवढं सगळं शिस्तीत चाललं होतं, तरी चार वर्षं काकूंच्या खोलीतली खिडकीजवळची जागा रिकामी होती. तिथे त्यांचा धाकटा भाऊ बसायचा.

खरं तर बैठक त्याच्यामुळेच सुरू झाली. भावाचं मोटारी दुरुस्तीचं दुकान. पंख्यांच्या, पंपांच्या जळालेल्या मोटारींतली काळी तार काढायची आणि नवी गुंडाळायची, वेढे मोजून. मोजता मोजता त्याला गाणी सुचायची आणि वेढे चुकायचे. दिवसभर केलेलं काम संध्याकाळी उलगडत बसायचा आणि वर हसायचा. त्याची गाणी ऐकायला माणसं हवीत म्हणून काकूंनी दोन शेजारणी आणि ओळखीच्या नर्सबाई गोळा केल्या, तिथून हे वाढलं. बैठकीच्या नऊ वर्षांतली निम्मी चांगली गाणी त्याची होती. हे माझं मत नाही, काकूंचं आहे, आणि काकू कौतुकाच्या बाबतीत हात आखडता घेणाऱ्यांपैकी.

चार वर्षांपूर्वी एका रविवारी त्याने नवं गाणं म्हटलं. मुलीची शाळा बदलली त्यावरचं, गोड होतं. पण दुसऱ्या कडव्यालाच काकूंच्या कपाळाला आठ्या पडल्या. गाणं संपलं आणि कुणी ओळ सांगायच्या आत त्या म्हणाल्या, "ही चाल नर्सबाईंची आहे. रात्रपाळीच्या गाण्याची."

नर्सबाई घाईघाईने म्हणाल्या, "असू दे हो, माझं काही म्हणणं नाही."

भावाचा चेहरा उतरला. त्याने मनातल्या मनात दोन्ही चाली म्हणून पाहिल्या असाव्यात, कारण त्याचे ओठ हलत होते. मग म्हणाला, "ताई, मला माहीत नव्हतं. खरंच माहीत नव्हतं."

इथं काकू थांबल्या असत्या तर ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती. पण भावाला सूट दिली असं कुणी म्हणू नये, म्हणून त्यांनी त्याला जरा जास्तच धारेवर धरलं. सख्ख्या माणसाशी न्यायाने वागायचं म्हणजे त्याच्यावर अन्याय करायचा, अशी काही लोकांची समजूत असते. "असं कसं माहीत नाही? समोर बसून पाच वेळा ऐकलंयस ते गाणं. नियम माहीत नाही का तुला? सरळ सांग की सुचलं नाही म्हणून उचललं."

'उचललं' हा शब्द सगळ्यांसमोर गेला. भाऊ उठला, चहाचा कप तसाच ठेवून चपला घालून निघून गेला. काकूंना वाटलं, येईल पुढच्या महिन्यात, जातोय कुठे. तो आला नाही. काकूंनीही बोलावलं नाही, कारण चूक त्याची होती ना!

त्यानंतर बहीणभावांचं बोलणं वहिनींच्या मार्फत चालायचं. म्हणजे काकू फोनवर वहिनींना म्हणायच्या, "त्याला सांग, गुडघ्याचं औषध वेळेवर घे म्हणावं." आणि शेजारी बसलेला भाऊ वहिनींना म्हणायचा, "तिला सांग, घेतोय म्हणून." वहिनी वैतागून म्हणायच्या, "दोघांनाही ऐकू आलंय. ठेवू का मी?"

एवढी गाणी ऐकूनही काकूंनी स्वतः कधी गाणं केलं नव्हतं. आपण ऐकणाऱ्या, असं त्या म्हणायच्या. पण मागच्या महिन्यात एक जबडा घासता घासता त्यांना दोन ओळी सुचल्या:

"जबडे ओळखते मी, माणसं ओळखत नाही,
कुणाचं हसू माझ्या हातून गेलं, मला माहीत नाही."

दोनाच्या आठ झाल्या. चालही सोबतच आली, अगदी आपसूक, पायऱ्या चढल्यासारखी वर वर जाणारी. छप्पन्नाव्या वर्षी काकू हरखून गेल्या. कामावर गुणगुणू लागल्या. येत्या रविवारी नर्सबाईंसमोर, भावाच्या काळापासून बैठकीला येणाऱ्या कुरिअरवाल्यासमोर, सगळ्यांसमोर म्हणायचं ठरवलं आणि गुरुवारी संध्याकाळी, आधी घरात एकदा होऊन जाऊ दे म्हणून, काकांना समोर बसवून म्हणून दाखवलं.

काका कपबशा पुसत होते. ऐकून घेतलं. मग म्हणाले, "शब्द चांगले आहेत. चाल त्या कुरिअरवाल्याची ना? चौथ्या मजल्याच्या गाण्याची?"

"काहीतरीच काय! तुम्हाला काय कळतंय त्यातलं?"

काकांनी वाद घातला नाही. त्यांनी कुरिअरवाल्याचं गाणं म्हणायला सुरुवात केली. लिफ्ट बंद, पार्सल जड, आणि चौथ्या मजल्यावरची म्हातारी पाणी विचारते, ते. काकू त्याच्यावर आपले शब्द ठेवायला गेल्या आणि ते बरोब्बर बसले. एकही दात पुढेमागे नाही.

काकू खुर्चीत बसल्या. रडवेल्या झाल्या होत्या, आणि लाजही वाटत होती. "अहो, मला माहीत नव्हतं," त्या म्हणाल्या. "देवाशप्पथ, मला माहीतच नव्हतं."

आणि आपल्याच तोंडचं वाक्य ऐकून चपापल्या. काका कपाचा कान पुसत राहिले. मग काकूच म्हणाल्या, "तो खरं बोलत होता हो."

शुक्रवारी त्यांनी अर्धी रजा टाकली. काकांनी स्कूटर काढली, वाटेत बिस्किटांचा पुडा घेतला. दुकान घराच्या पुढच्याच खोलीत. भाऊ स्टुलावर बसून एका पंपाच्या मोटारीत तार भरत होता आणि वेढे मोठ्याने मोजत होता. सत्तेचाळीस, अठ्ठेचाळीस. बहिणीला पाहूनही तो थांबला नाही. साठ झाल्यावर तार दाबून धरली आणि म्हणाला, "बस."

काकूंनी वाटेत बरंच काही जुळवून ठेवलं होतं, ते सगळं विसरल्या. "मी गाणं केलं," त्या म्हणाल्या. "चाल कुरिअरवाल्याची निघाली. मला कळलंसुद्धा नाही. यांनी सांगितलं तेव्हा कळलं."

भावाने तारेवरची नजर वर केली.

"म्हणजे तुलाही कळलं नसणार तेव्हा. मी सगळ्यांसमोर तुला चोर ठरवलं. चुकले मी. रविवारी ये. सगळ्यांसमोर म्हटलं होतं, सगळ्यांसमोरच मागे घेते."

"घे ना मागे," भाऊ म्हणाला. आवाजात राग नव्हता, त्यामुळे काकूंना जास्त लागलं. "पण मी येऊन काय करू? माझ्याकडे गाणं कुठाय?"

"कुठाय म्हणजे?"

"चार वर्षांत एक नाही. सुचतं. सुचलं की वाटतं, हे कुणाचं असेल? मग शोधत बसतो. शोधलं की सापडतंच कुणाचं तरी. रेडिओवरचं, नर्सबाईंचं, माझंच जुनं. मग म्हटलं, मरू दे. मोठ्याने आकडे म्हणतो. डोक्यात दुसरं काही येत नाही. वेढे चुकत नाहीत आता. धंदा बरा चाललाय."

काकूंना वाटत आलं होतं की तो चार वर्षं रुसून बसलाय. रुसवा काढता येतो, त्याची तयारी करून त्या आल्या होत्या. हे वेगळंच होतं. आपण याचं काय करून ठेवलं, हे त्यांना आत्ता दिसलं. आतून वहिनी हात पुसत दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांना हे सगळं चार वर्षं माहीत असावं.

"बरं, तू काय चोरलंस ते तरी म्हण," भाऊ म्हणाला.

काकूंनी म्हटलं, कसंबसं. भाऊ मान खाली घालून ऐकत होता. दुसऱ्या ओळीला त्याने मान हलवली. "शब्द तुझे आहेत. पक्के तुझे. पण ताई, ही चाल नको त्यांना. तो माणूस जिने चढतोय, म्हणून त्याची चाल वर जाते. तुझी बाई एका जागी बसलीय. पहिली ओळ सपाट ठेव. आणि दुसरी खाली आण, 'माहीत नाही'ला बसव खाली. असं बघ."

आणि तो म्हणाला. तार हातात तशीच धरलेली. ओळ खाली आली, 'हसू'पाशी जरा रेंगाळली आणि 'नाही'वर बसली. त्याने परत म्हटली, या वेळी पुढच्या दोन ओळीही घेतल्या. वहिनींनी दाराची चौकट धरली. तिसऱ्यांदा म्हणता म्हणता तो एकदम थांबला. तोंडावरचा रंग उडाला.

"हे कुणाचं आहे?" त्याने विचारलं. "ताई, सांग. कुणाचं आहे?"

काकूंनी डोक्यातली सगळी गाणी भराभर चाळली. सापडलं नाही. पण गुरुवारीही सापडलं नव्हतं. 'तुझंच आहे रे' असं म्हणून मोकळं होता आलं असतं, आणि त्यांना ते म्हणायचंही होतं. नुसत्या मायेने म्हटलं तर तो ओळखेल, हेही कळत होतं. "माझ्यावर जाऊ नकोस," त्या म्हणाल्या. "मला माझंच ओळखता आलं नाही." आणि त्यांनी काकांकडे पाहिलं.

काका एका उलट्या खोक्यावर बसून बिस्किट खात होते. सगळे आपल्याकडे बघतायत म्हटल्यावर त्यांनी हात झटकले. "परत म्हण," ते भावाला म्हणाले.

भावाने म्हटलं. काका डोळे मिटून ऐकत होते, चालत्या गाडीत कुठला आवाज कुठून येतोय हे हेरावं तसे. झाल्यावर म्हणाले, "अजून एकदा." भावाने अजून एकदा म्हटलं. एक गिऱ्हाईक पंखा घेऊन आलं होतं, तेही दारात गुपचूप थांबलं.

"नर्सबाईंचं नाही," काका सावकाश म्हणाले. "कुरिअरवाल्याचं नाही. रेडिओचं नाही. तुझ्या जुन्यांपैकीही नाही, ती सगळी मी ऐकलीत." थोडं थांबून त्यांनी पुन्हा विचार केला. "नाही. मी हे कधी ऐकलेलं नाही. नवीन आहे."

भावाच्या हातातली तार सुटली. साठ वेढे सैल होऊन मांडीवर आले. तो रडू लागला, गिऱ्हाइकासमोर, मोठ्याने, लहान मुलासारखा.

"चार वर्षं, ताई," तो म्हणाला. "चार वर्षं गेली माझी."

"हो," काकू म्हणाल्या. "माझ्यामुळे."

तो 'नाही' म्हणाला नाही. त्याने बाहीला नाक पुसलं आणि चाल पुन्हा पहिल्यापासून धरली.